दोनच सीटा

रविवारी पहाटे साडेपाचला
सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत
कव्हर ओढल्याचा सर्र आवाज होतो
आणि दुसऱ्या मजल्यावरचे टिपणीस
खिडकी लावून घेतात.

गाडी लाल. सेकंडहँड.
कोइमतूरच्या एका दंतवैद्याकडून घेतलेली.
किती पैशांत, हा प्रश्न आमच्या घरात
जेवताना विचारायचा नसतो.
दारं दोन, सीटा दोन,
डिकीत एक छत्री मावते, तिरकी ठेवली तर.
आम्ही माणसं पाच.

म्हणून चिठ्ठ्या. कुकरच्या भांड्यात.
यंदा अन्विताचं नाव निघालं,
पुष्कर शनिवारभर कुणाशी बोलला नाही.
अप्पांनी चिठ्ठी टाकलीच नव्हती.
"मला काय, मी मागं बसतो."
मागं म्हणजे माझ्या वॅगनआरमध्ये,
थर्मास, उपम्याचा डबा,
पुष्करला गाडी लागते म्हणून लिंबू,
आणि अप्पांचा गुडघा.

वाशीच्या टोकाला सगळे जमले.
एकतीस गाड्या.
बॉनेट उघडी टाकून पुरुष आत वाकलेले,
बारशाला पाळण्यात वाकतात तसे,
आवाज कुणावर गेलाय याची चर्चा.
आम्हा बायकांना एकमेकींची नावं ठाऊक नाहीत.
ती निळीवाली, ती कोथिंबिरी रंगाची,
मी लालवाली, येते वॅगनआरमधून.
उपमा उभ्यानं खायचा. बॉनेटवर प्लेट ठेवलीत
तर संसार मोडू शकतो.

करावेच्या तांडेलांनी या वेळी आईला आणलं होतं.
उघड्या टपाची पिवळी गाडी, तीत लुगडं नेसून ती,
अंबाड्याला अबोली,
मांडीवर पर्स घट्ट धरलेली.
गाडी सुरू झाली तसं तिनं खाडीकडे बोट केलं,
"आथं आमी चिंबोऱ्या धरायचो."
सून म्हणाली, "आई, आधी पट्टा लावा."

मग निघाली मिरवणूक.
अडीचशेनं पळू शकणारी ही जनावरं
चाळीसनं. वर कॅमेरे,
आणि पुढं पालिकेचा टँकर,
दुभाजकावरच्या बोगनवेलीला निवांत पाणी घालत.
फुटपाथवर मोबाइल उंचावलेले,
माझी वॅगनआर आली की खाली व्हायचे.
एका टॉवरच्या वॉचमननं मात्र मलाही सलाम ठोकला.
मी तो घेतला.

एनआरआय सिग्नलला आम्ही दोघीच अडकलो,
ती लाल आणि मी.
तिचं दार उघडलं,
अन्विता उतरून पळत मागं आली.
"अप्पा, चला. तुमची पाळी."
"अगं, सिग्नल..."
"चला."
तिनं ओढलं, मी मागून ढकललं,
आधी डोकं की आधी पाय यावर वाद झाला.
हिरवा लागला, गेला, परत लाल झाला.
मागच्या दुधाच्या टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं
आणि तंबाखू मळत बघत राहिला.
तेहतीस वर्षं महाड डेपोत एसटी चालवलेला माणूस,
उंचावर बसून घाट उतरलेला,
आता टेकला
डांबरापासून वीतभर अंतरावर.

तिथून किल्ला जंक्शनपर्यंत
मी त्या गाडीच्या मागं होते.
बाकीच्या केव्हाच पुढं गेलेल्या,
रस्ता मोकळा,
तरी तिचे मागचे दिवे सारखे लागत होते.
वळणाआधी. झेब्रा पट्ट्यांआधी.
सायकलवाल्याच्या तर बरंच आधी.
ब्रेक चिकटला की काय, मला वाटलं,
मागच्या सर्व्हिसिंगचं बिल आठवलं.

रात्री श्रीपादला विचारलं.
तो नखांतलं पॉलिश काढत बसला होता.
म्हणाला, "अप्पांचा उजवा पाय.
तिकडं पेडल कुठलं, नुसती चटई आहे.
तरी दाबत होते."
"मग?"
"मग काय. ते तिकडून दाबतील
तेव्हा मी इकडून."